आज नियमाने

भाग सहावा, एकतिसावं मिनिट

किल्ली अर्धी फिरली होती आणि फार्मसिस्टने नेमका तिथेच फोन थांबवला.

"आता नीट बघा, याच्या खिशातून काय निघतं ते," तो म्हणाला.

चार डोकी त्या वीतभर पडद्यावर वाकली. नर्सेसच्या खोलीत चहाची वेळ होती. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला औषधांचं रजिस्टर भरत बसली होती. 'काठावर' ही मालिका तिच्या घरीही चालू होती. त्या महिन्यात ती कुणाच्या घरी चालू नव्हती, असं नाही. मूळ ब्रिटिश, आपल्याकडे नव्याने केलेली. सरकार पाडणाऱ्यांची आणि वाचवणाऱ्यांची गोष्ट. पहिले पाच भाग तिने नवरा आणि बाबांबरोबर पाहिले होते. सहावा काल आला आणि काल ती ड्युटीवर होती. म्हणून तिनेही मान लांब केली.

सभागृहात मतदान व्हायचं असतं. घंटा वाजत असते. घंटा थांबली की दारं लावायची. मग आतला तो आत, बाहेरचा तो बाहेर, मंत्री असला तरी. पूर्वेकडच्या दारावर एक मिशीवाला द्वारपाल घामाने निथळत उभा. किल्लीवरचा एक हात काढून तो खिशातला घडी घातलेला कागद बघतो. मुलीच्या कॉलेजप्रवेशाचं पत्र. ते कुणी दिलं, कशासाठी दिलं, हे आपल्याला आधीच दाखवलेलं असतं. घंटा थांबते. लांब व्हरांड्याच्या टोकाला एक बाई धावत येते, चपला हातात घेऊन. तो तिच्याकडे बघतो. नीट बघतो. आणि किल्ली पुरती फिरवतो.

"मेल्यानं बघून लावलं की गं दार," वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या.

फार्मसिस्ट खूश झाला. खरी गंमत पुढेच आहे म्हणाला. हा सीन खरा घडलाय म्हणतात, खाली प्रतिक्रियांमध्ये एका जुन्या पत्रकाराने लिहिलंय. मग त्याने ते वाचून दाखवलं. त्या दारावरच्या माणसाची मुलगी आज सरकारी दवाखान्यात नर्स आहे, इथपर्यंत आल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. कुणीतरी म्हणालं, आपल्यातलीच असेल, चहाचे पैसे आजपासून तिने द्यायचे.

तीही हसली. रजिस्टरमध्ये तिने एकाच रुग्णापुढे एकच वेळ दोनदा लिहिली होती. तिने त्यावर रेघ मारली आणि बाजूला सही केली, जशी करायची असते तशी.

इथे कुणालाच माहीत नव्हतं की तिचे वडील पूर्वेकडच्या दारावर एकतीस वर्षं उभे होते. लपवलं नव्हतं, सांगायची वेळ आली नव्हती इतकंच. आली असती तर तिने मान वर करून सांगितलं असतं. हे तिला त्या दुपारी कळलं, कारण त्या दुपारपासून ते सांगता येणार नव्हतं.


प्रतिक्रिया (पहिल्या दोन दिवसांत चार हजार)

खिडकीतून: काय सीन आहे. बायको रडली. मी कांदा चिरत होतो म्हणालो.

उगाचच: मूळ ब्रिटिश मालिकेत हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकलंय. आपल्याकडे अकरा मिनिटं. आपण दारसुद्धा साधं लावत नाही.

जुना वार्ताहर: हे घडलेलं आहे. तेवीस वर्षांपूर्वी सरकार एका मताने पडलं तेव्हा एक बाई सदस्य दाराबाहेर राहिल्या. दारावरच्या माणसाच्या मुलीला त्याच महिन्यात नर्सिंगला जागा मिळाली, अशी तेव्हाही कुजबुज होती. चौकशीत काही निघालं नाही. ती मुलगी सरकारी दवाखान्यात लागली म्हणतात.

    ↳ नाव टाका ना साहेब.
    ↳ कुठला दवाखाना?
    ↳ आणि अशांच्या हातून आपण सुया टोचून घेतो.
    ↳ त्या वर्षी माझ्या बहिणीची नर्सिंगची जागा दोन मार्कांनी गेली. ती आता घरी शिवणकाम करते.

बूट नंबर आठ: त्या मिशीवाल्याला बक्षीस द्या. काय घाम काढलाय गड्याने.

हे तिने चादरींच्या खोलीत उभं राहून वाचलं. शिव्या तिला विशेष लागल्या नाहीत. दवाखान्यात रोज ऐकायच्या असतात. शिवणकामाचं वाक्य मात्र तिने तीनदा वाचलं.


घर

सहावा भाग घरी कसा झाला, हे नवऱ्याकडून कळलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि बोलताना समोरच्याच्या नाकाकडे बघायची त्याला सवय लागली होती. तो म्हणाला की बाबा पहिले पाच भाग पंचासारखे बसले होते. ही घंटा नव्हे, ही शाळा सुटली. मंत्री असे बूट वाजवत चालत नाहीत, गालिचा असतो. अध्यक्षांच्या पाण्याच्या ग्लासावर झाकण हवं. जावयाला तर मालिकेपेक्षा सासऱ्यांचं समालोचनच आवडायला लागलं होतं. सहाव्या भागात दार आलं तेव्हा तो मुद्दाम म्हणाला, बाबा, हे बघा, तुमचंच खातं.

"मग?"

"मग काही नाही. कप विसळायला आत गेले."

"आणि?"

"आणि तो सीन संपेपर्यंत नळ चालू होता," नवरा म्हणाला. "कप आधीच धुतलेला होता गं. मीच धुतला होता."

त्यानंतर दोन दिवस घरात सगळं जिथल्या तिथे होतं. बाबा सकाळी दाढी करत, पेपर वाचत, बाहेर पडताना खिडक्यांच्या कड्या दोनदा बघत. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी दुपारी झोपत नसत. जेवताना तिने दोनदा विषय काढायचा ठरवला आणि दोन्ही वेळा तिच्या तोंडून निघालं की भाजी वाढू का.

तिला फक्त एक गोष्ट हवी होती. आपली जागा आपली होती, एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. वयाच्या अठराव्या वर्षापासून ती जे काही होती, ते त्या एका जागेवर उभं होतं: कॅप, पहिला पगार, आईच्या शेवटच्या आजारपणात तिला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही ते, आणि अतिदक्षता विभागात डॉक्टरही तिला विचारून ड्रिपचा वेग ठरवतात ते.


चौकशी (फायलीतून)

निळ्या प्लास्टिकच्या फायलीत आईने घरातले सगळे महत्त्वाचे कागद एकत्र ठेवले होते. चौकशीची प्रत आणि प्रवेशाचं पत्र एकाच खणात होतं, पाठीला पाठ लावून.

    प्रश्न: दार लावलं तेव्हा घंटा थांबली होती का?
    उत्तर: थांबली होती.
    प्रश्न: थांबल्यावर किती वेळाने लावलं?
    उत्तर: लगेच. नियम तसा आहे.
    प्रश्न: दार लावताना कुणी आत येऊ पाहत होतं का?
    उत्तर: लावल्यावर बाहेरून आवाज आला.
    प्रश्न: कोणाचा?
    उत्तर: दार लाकडी आहे. आरपार दिसत नाही.
    निष्कर्ष: द्वारपालाने नियमाप्रमाणे कर्तव्य बजावले. दोष नाही.

प्रवेशाच्या पत्रावर लिहिलं होतं: प्रतीक्षा यादी, क्रमांक चार, प्रवेश मंजूर. मतदानाची तारीख आणि पत्राची तारीख यांच्यात एकोणीस दिवस होते. तिने बोटांवर मोजले, मग पुन्हा मोजले.

पत्र आलं तो दिवस तिला आठवत होता. आई दारातच खाली बसली होती. आजूबाजूच्या बायका येऊन तिच्या तोंडात साखर घालत होत्या. बाबा कुठे होते, ते मात्र आठवेना.


मूळ मालिका, भाग तिसरा

साप्ताहिक सुट्टी आली. घरी बघायचं धाडस नव्हतं, म्हणून ती दुकानात गेली आणि काचा घासायच्या यंत्रामागच्या स्टुलावर बसली. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, वर मोठं अक्षर, खाली मुंग्या. नवऱ्याने लॅपटॉपवर मूळ ब्रिटिश मालिका लावून दिली, गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेला.

तिचा हिशोब सरळ होता. मूळ मालिका बाबांच्या प्रसंगाच्याही आधीची. तिच्यातही तो द्वारपाल, ती मुलगी, तो कागद असेल. म्हणजे ही गोष्ट परदेशातल्या कुणीतरी टेबलाशी बसून रचलेली. इथल्या लोकांनी ती उचलली आणि त्या पत्रकाराने तिला बाबांचा सदरा चढवला. हे एकदा दिसलं की संपलं. ती ते वाक्य मनात तयार करूनच आली होती.

तिसऱ्या भागाच्या शेवटी दार आलं. पाठमोरा एक म्हातारा, चेहराही दाखवला नाही. घंटा थांबते. तो मान बाहेर काढून व्हरांड्यात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघतो. कुणी नसतं. तो दार लावतो. चुकलेला सदस्य धुक्यात गाडी अडकून कुठल्याशा पुलावर बसलेला असतो. बस्स. मुलगी नव्हती. कागद नव्हता.

तिने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा नव्हती.

नवरा पडदा सरकवून आत आला आणि त्याने विचारलं, आहे का. ती म्हणाली की नाही. चांगलंच झालं की, तो म्हणाला, म्हणजे यांनी पदरचं घातलं. पदरचं म्हणजे कुणाच्या पदरचं, हे तिने त्याला विचारलं नाही.


सकाळ

दुसऱ्या दिवशी दुपारची ड्युटी होती. नवरा दुकानात गेल्यावर ती बाबांसमोर बसली. ते पेपरची घडी घालत होते. तिने सुरुवात चांगल्या बाजूने केली. म्हणाली की तिने मूळ मालिका पाहिली, त्यात मुलीबिलीचं काही नाही, इकडच्यांनी तिखटमीठ लावलंय.

"असं?" बाबा म्हणाले. "मग त्यात काय आहे?"

"काही नाही हो. एक म्हातारा आहे. घंटा थांबते, तो बाहेर एकदा इकडेतिकडे बघतो आणि दार लावतो."

पेपरची घडी तशीच राहिली.

"बघतो?"

"हो."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे. का?"

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होईना. मग ते म्हणाले, "तिकडेही आहे म्हणजे ते."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, आधी कामाचं सांगावं तसं. दार त्यांना एका जुन्या द्वारपालाने शिकवलं होतं. सगळे त्याला थोरले म्हणत. नियमाच्या पुस्तकात एकच ओळ होती: घंटा थांबताच दारं बंद करावीत. थोरल्यांनी दुसरी ओळ तोंडी दिली. घंटा थांबली की किल्ली घालायची, पण फिरवण्याआधी बाहेर एक नजर टाकायची. कुणी पळत येताना दिसलं तर किल्ली जरा अडकते. तेवढंच म्हणायचं, अडकते. तीन श्वास, चार श्वास. माणूस आत आला की सुटते. यात पक्ष बघायचा नाही. थोरल्यांची किल्ली सगळ्यांसाठी अडकायची, त्यांना शिव्या देणाऱ्यांसाठीसुद्धा. सभागृहात सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. बाबांनीही तोवर ती नजर टाकल्याशिवाय एकदाही किल्ली फिरवली नव्हती.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी नाही टाकली."

तिने वाट पाहिली.

त्या सकाळी उपाहारगृहात त्यांना एक माणूस भेटला होता, ते पुढे सांगू लागले. विरोधी नेत्याचा खासगी मदतनीस. नेत्याच्या मागे दोन पावलं अशी त्याची ठरलेली जागा, म्हणून सगळे त्याला सावली म्हणत. सावलीने विचारलं, आज काय, सगळं नियमाने ना. बाबा म्हणाले, रोजच नियमाने असतं. सावली हसला आणि म्हणाला, रोजचं राहू द्या, आज नियमाने.

"एवढंच?"

"एवढंच. चहासुद्धा त्याने पाजला नाही. माझा मीच घेतला."

"आणि माझं?"

"शेवटी जाता जाता म्हणाला, मुलगी काय करते. लोक विचारतात तसं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नर्सिंगला अर्ज टाकलाय म्हणालो."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि हात मांडीवर पालथे टाकले. ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. तिला वाटलं, इथे थांबता येईल. एवढ्यावर सगळं सांभाळता येण्यासारखं होतं. एका माणसाने चौकशी केली, एका माणसाने उत्तर दिलं. नियम पाळणं हा काही गुन्हा नाही.

"एवढंच म्हणालात?" तिने विचारलं.

"प्रतीक्षा यादीत चौथी आहे म्हणालो."

"नंबर त्याने विचारला होता?"

"नाही."

"मग का सांगितलात, बाबा?"

खालची स्कूटर एकदाची सुरू झाली आणि लांब गेली.

"तेवीस वर्षं मी तेच शोधतोय," ते म्हणाले. "बोलण्याच्या ओघात गेलं असेल. माणूस आपल्या पोरीबद्दल दोन शब्द जास्त बोलतो. किंवा नसेल तसं. पण दुपारी घंटा थांबली तेव्हा मी बाहेर बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर ती बाई दिसली असती. ती येणार, हे मला माहीत होतं. सकाळीच तिच्या आईला दवाखान्यात घातलं होतं, ती तिथून निघालीय हे सगळ्या दारांवर माहीत होतं. दाराला तळवे आपटत होती ती. शाळेत शिकवायची आधी. आवाज मोठा होता तिचा, पण हाक मारली नाही. नुसतं आपटत होती."

पुढे तिला तिकीट मिळालं नाही, एवढं त्यांना कळलं होतं. आणि पत्र आलं त्या दिवशी बाबा घरी नव्हते, कारण सुट्टी असूनही ते ऑफिसात जाऊन बसले होते. ती जागा गुणांवर मिळाली, की चार मुली आपसूक गळल्या, की कुणी फोन केला, हे कॉलेजात जाऊन एका दिवसात कळलं असतं. ते कधी गेले नाहीत.

"मग मी खोटी का?" तिने विचारलं.

"तू पास झालीस ती तुझी. परीक्षेला मी बसलो नव्हतो," बाबा म्हणाले. "पण दारातून कशी आत गेलीस, ते मला ठाऊक नाही, पोरी. ठाऊक आहे म्हणालो तर ते मात्र खोटं होईल."


मसुदा

त्या मालिकेखाली लिहितात ना लोक, तिथे लिही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. त्यांनी उभं राहून सांगितलं, तिने टेबलाशी बसून आपल्या फोनवर लिहिलं.

    मी त्या दारावर होतो. मालिकेत दाखवलाय तसा कागद मला कुणी दिला नव्हता.

"नको," ते म्हणाले. "ही सारवासारव झाली. खोड."

    मी त्या दारावर होतो. मालिकेतला माणूस बघतो आणि दार लावतो. मी बघितलं नव्हतं. दार लावण्याआधी बाहेर एकदा बघायचा आमचा रिवाज होता. नियमात नव्हता, म्हणून चौकशीत कुणी विचारलं नाही. मला आज नियमाने चाला असं सांगितलं गेलं आणि मी चाललो. बाई येत होत्या हे मला माहीत होतं.

"आता पुढचं," बाबा म्हणाले.

"पुढचं काय?"

"यादीतला नंबर."

ती म्हणाली की त्याची गरज नाही, एवढंच पुरे आहे, याने त्या बाईंना जे मिळायचं ते मिळतं. बाबा नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. जागेवरून हलले नाहीत. तिला वाटलं, एकतीस वर्षं हा माणूस असाच उभा राहिला असणार. तिने अंगठा फोनवर ठेवला आणि पुढचं लिहिलं, मोठ्याने म्हणत म्हणत, म्हणजे लिहिलं गेलंच असं व्हावं.

    त्या सकाळी मी माझ्या मुलीचा प्रतीक्षा यादीतला क्रमांक, न विचारता, त्या माणसाला सांगितला होता. तिला जागा मिळाली. ती कशी मिळाली, हे मी कधी विचारलं नाही.

खाली बाबांनी स्वतःचं पूर्ण नाव घालायला सांगितलं आणि 'द्वारपाल, पूर्व दार' असं. मग म्हणाले, तुझ्या नावाने कशाला, दुसरं एखादं खातं काढ, तुमच्यात मिनिटात निघतं म्हणे. खरंच मिनिटात निघालं असतं. तिच्या खात्यावर तिचं नाव होतं आणि गणवेशातला फोटो, गेल्या वर्षी नर्सेस दिनाला काढलेला. तिने त्या फोटोकडे थोडा वेळ बघितलं.

तिने तो तसाच ठेवला आणि बटण दाबलं.


प्रतिक्रिया (पहिल्या तासात एकोणतीस)

    ↳ सिस्टर, स्पॉयलर देऊ नका, मी अजून चौथ्या भागावर आहे.
    ↳ मूळ मालिकेत असं नाहीये. आधी ती बघा.
    ↳ जाहिरातीसाठी किती दिले?
    ↳ सातव्या भागासाठी स्क्रिप्ट पाठवा, यांच्यापेक्षा बरं लिहिता.
    ↳ खरं असेल तर काकांना नमस्कार.
    ↳ खरं असेल तर काकांना आत टाका.
    ↳ 😂😂😂

बाबांनी सगळं वाचून दाखवायला लावलं. हसरे चेहरेही सांगायला लावले, किती आहेत ते. मग त्यांनी विचारलं, स्पॉयलर म्हणजे काय. ती म्हणाली, म्हणजे पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकणं.

"पण हे तर होऊन गेलंय," बाबा म्हणाले.

जुन्या वार्ताहराने काहीच लिहिलं नाही. बहिणीची जागा दोन मार्कांनी गेलेल्या माणसाने मात्र विचारलं होतं, कुठलं कॉलेज, कुठली यादी. तिने कॉलेज लिहिलं, वर्ष लिहिलं, क्रमांक लिहिला. पाच मिनिटांनी उत्तर आलं. बहिणीचं कॉलेज दुसरं होतं. तिने श्वास सोडला. आणि लगेच त्याच माणसाची दुसरी ओळ आली.

    ↳ तुमच्या यादीत पाचवी कोण होती, माहीत आहे?

ती त्या ओळीकडे बघत राहिली. अकरा वाजून गेले होते, आंघोळ व्हायची होती, डबा भरायचा होता. तिने लिहिलं: नाही.

मग त्यापुढे आणखी एक शब्द घातला: अजून.


अतिदक्षता विभाग

ती आत आली तेव्हा फार्मसिस्ट काउंटरशी उभा होता. त्याने हातातला फोन पालथा ठेवला. मावशींनी तिला रोजच्यासारखी हाक मारली, पण पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचलं नाही, आणि त्या उगाच बादली उचलून एका जागेहून दुसरीकडे ठेवून आल्या. सकाळपाळीच्या सिस्टरने चार्ज देताना सगळं नेहमीपेक्षा सावकाश सांगितलं. शेवटी म्हणाली की चौथ्या बेडच्या आजींची सलाईन निघाली आहे, आम्ही तिघींनी प्रयत्न केला, शीर मिळत नाही. डॉक्टरांना बोलावू का?

"मी बघते," ती म्हणाली.

आजी डोळे मिटून पडल्या होत्या. दोन्ही हातांवर निळे डाग, जिथे जिथे टोचून झालं होतं तिथे. तिने हात धुतले, हातमोजे चढवले, दंडाला पट्टा बांधला. कोपरापासून खाली बोट टेकवत आली. काही लागलं नाही. मनगटाच्या बाजूने पुन्हा वर गेली. तिच्या पाठीमागे सकाळपाळीच्या दोघी आणि फार्मसिस्ट उभे होते, हे तिला वळून न बघता कळत होतं. तिने आजींचा हात पलंगाच्या कडेवरून थोडा खाली सोडला, अंगठ्याने हळूहळू चोळला आणि थांबली. आजींच्या अंगठ्याच्या मुळाशी, अगदी खोल, दोऱ्याएवढं काहीतरी बोटाखाली हललं.

"टोचणार का पुन्हा?" आजींनी डोळे न उघडता विचारलं.

"हो, आजी. एकदाच."

"सगळ्या तेच म्हणतात."

तिने सुई आडवी धरली. सुईच्या मागच्या नळीत रक्ताचा लाल ठिपका दिसला. तिने पट्टा सोडला, चिकटपट्टी लावली, थेंब मोजले.

"कधी टोचताय?" आजींनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.